चिरतरुण तेल आणि मिस्त्रींचा अंगठा

यंत्र कर्कश किंचाळलं, थरथरलं आणि जागच्या जागी अडकलं. गॅरेजच्या दारात जमलेल्या पन्नाससाठ माणसांनी एका सुरात "अरेरे!" केलं, जणू घरातलंच कोणी दगावलं होतं.

"पाहिलंत?" पांढरा कोट घातलेले गृहस्थ म्हणाले. "हे तुमचं रोजचं तेल. दोन वजनांत मान टाकली! तुमच्या गाडीचं इंजिन रोज आतल्या आत असंच किंचाळतं. तुम्हाला ऐकू येत नाही, कारण तुम्ही रेडिओ लावता."

एका टॅक्सीवाल्याने त्याच क्षणी मनातल्या मनात रेडिओ सोडला.

गृहस्थांच्या खिशाला पाच पेनं होती आणि ते स्वतःला स्नेहनतज्ज्ञ, म्हणजे वंगणातले तज्ज्ञ, म्हणवून घेत. त्यांचं यंत्र तसं साधंच होतं. मोटरवर एक पोलादी कडं फिरत होतं, कड्याचा खालचा भाग तेलाच्या वाटीत बुडालेला. वरून एका दांडीत बसवलेला बोटाएवढा रोलर त्या कड्यावर टेकायचा. दांडीच्या टोकाला वजनं लटकवली की रोलर कड्यावर दाबला जायचा. तेल दमदार असेल तर कडं फिरत राहणार, नसेल तर अडकणार.

त्यांनी वाटीतलं साधं तेल ओतून टाकलं, वाटी आणि कडं फडक्याने पुसलं आणि सोनेरी बाटली उघडली. "हे चिरतरुण तेल! संपूर्ण सिंथेटिक, सजीव रेणूंचं! हे रेणू एकमेकांचे हात धरून धातूच्या अंगात शिरतात. रात्री इंजिन झोपलं की त्याच्या जखमा भरतात. चार लिटरच्या जागी एकच लिटर घाला आणि पुन्हा आयुष्यात तेल बदलू नका. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

एक वजन झालं, दोन झाली, तीन झाली. सहावं वजन लटकलं तरी मोटर गुणगुणत होती. समोरच्या लाँड्रीवाल्याने टाळी वाजवण्यासाठी कुणाचातरी इस्त्री केलेला शर्ट खुशाल जमिनीवर टाकला.

तेवढ्यावर हे प्रकरण थांबलं असतं तरी बरं होतं. पण तेलबुवा (यापुढे त्यांना हेच म्हणू, स्नेहनतज्ज्ञ म्हणताना जीभ घसरते) कच्च्या गुरूचे चेले नव्हते. या गल्लीचं श्रद्धास्थान कोणतं, हे त्यांनी आल्या आल्या हेरलं होतं. ते होतं गॅरेजच्या मालकाचा, म्हणजे मिस्त्रींचा, उजवा अंगठा.

गेली तीस वर्षं मिस्त्री तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळत, डोळे मिटत आणि निकाल देत. "गेलंय." किंवा, "आहे अजून." या निकालावर अपील नव्हतं. मिस्त्रींनी आजवर कुठलंही पुस्तक उघडलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

"मिस्त्रीसाहेब, आम्ही पडलो प्रयोगशाळेतले," तेलबुवा लवून म्हणाले. "खरे जाणकार तुम्ही. जरा बोट लावा."

मिस्त्रींनी थेंब चोळला. डोळे मिटले. पन्नाससाठ माणसांनी श्वास रोखले.

"लोणी आहे, लोणी," मिस्त्री म्हणाले.

झालं! गर्दी बाटल्यांकडे सरकू लागली. सगळ्यात पुढे होता मिस्त्रींचा मेहुणा. त्याची टॅक्सी आतल्या खड्ड्यावर उभी होती, पोटाखालचा नट काढलेला, जुनं काळं तेल थेंबाथेंबाने घमेल्यात उतरत होतं.

"दाजी, तुम्ही म्हणालात म्हणजे प्रश्नच मिटला. एक लिटर ओता. उद्या पहाटे पाच माणसं घेऊन डोंगरापलीकडे जायचंय."

मेहुण्याचं सगळं घर त्या एका टॅक्सीवर चालत होतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. चार लिटरच्या जागी एक, हे ऐकताना त्यांच्या मनात क्षणभर पाल चुकचुकलीही. पण अंगठ्याने एकदा निकाल दिला की मनाला कोण विचारतो?

"अहो व्याही, आमच्या गाडीच्या ब्रेकचं झालं का?"

मिस्त्री दचकले. दारात मुलीची सासू उभी होती. विहीणबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. चुकलेल्या उत्तराकडे त्या रागाने बघत नसत, कुतूहलाने बघत, आणि तेच जास्त झोंबायचं.

"विहीणबाई! या, या. ब्रेक होतोय. तोवर हे बघा, काय तेल निघालंय!"

"बघते ना. मघापासून मागे उभी राहून तेच बघतेय." त्या टेबलाशी आल्या. "तेलबु... माफ करा, साहेब, एक शंका विचारू?"

"विचारा, माताजी! शंका हे ज्ञानाचं दार आहे."

"वाटी पुसलीत, कडं पुसलंत. रोलर का नाही बदललात?"

दार एकदम अर्धं लोटल्यासारखं झालं. "रोलरचा काय संबंध? चमत्कार तेलाचा आहे."

"मग बदलायला हरकत नसावी. व्याही, तो रोलर जरा काढा हो. तुमचा अंगठा फिरवून सांगा, कसा आहे?"

मिस्त्रींनी मोटर बंद केली, रोलर काढला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. गोल रोलरच्या अंगावर नखाएवढा सपाट चट्टा पडला होता.

"घासून सपाट झालाय," ते पुटपुटले.

"कधी झाला?"

"पहिल्या खेपेला. साध्या तेलात किंचाळला, तेव्हाच."

"म्हणजे साध्या तेलाला मिळाला कोरा गोल रोलर. गोलावर गोल, टेकणार केवढे? सुईच्या टोकाएवढे. सगळा भार तेवढ्यावर. आणि यांच्या तेलाला मिळाली ऐसपैस बैठक. टोकदार टाचेची चप्पल ओल्या मातीत रुतते, सपाट चप्पल रुतत नाही, बाई तीच असली तरी!"

गर्दीत हशा पिकला. तेलबुवा मात्र हसले नाहीत. "माताजी, हे विज्ञानाच्या पलीकडचं विज्ञान आहे. त्याला श्रद्धा लागते."

"बरं, मग पलीकडे जाऊन बघू. कोरा रोलर लावा. आधी तुमचं तेल, मग साधं. नुसता क्रम उलटा."

"यंत्र तापलंय आता," तेलबुवा म्हणाले आणि झाकण लावायला लागले.

इथे सगळं मिस्त्रींवर आलं. गप्प बसले असते तर अंगठ्याची अब्रू राहिली असती. पुढे व्हायचं तर तीस वर्षांचा दबदबा आपल्याच हाताने उतरवायचा, तोही मुलीच्या सासूसमोर. त्यांनी एकदा खड्ड्यावरच्या रिकाम्या पोटाच्या टॅक्सीकडे पाहिलं. मग तेलबुवांच्या पेटीतून एक कोरा रोलर उचलला आणि स्वतः दांडीत बसवला.

वाटीत चिरतरुण तेल होतंच. मिस्त्रींनी मोटर सुरू केली. एक वजन लटकवलं. दुसरं लटकवलं, आणि यंत्र असं किंचाळलं की शेजारच्या टायरवाल्याने कानात बोटं घातली. सजीव रेणूंनी एकमेकांचे हात सोडले होते.

मिस्त्रींनी वाटी पुसली, तोच घासलेला रोलर ठेवला आणि साधं तेल ओतलं. दोन वजनं. चार. सहा. मोटर मजेत गुणगुणत राहिली. मग विहीणबाईंनी बेसिनवरची हात धुवायच्या पातळ साबणाची बाटली पुढे केली. साबणावरही सहा वजनं चालली!

"आता काय, टॅक्सीत साबण घालू?" मेहुण्याने विचारलं.

"घाल, धूर सुगंधी येईल," लाँड्रीवाला म्हणाला. मग त्याला शर्टाची आठवण झाली आणि तो धावला.

हशा ओसरेपर्यंत तेलबुवांची पेटी बंद झाली होती. "अश्रद्धेच्या जागी सजीव रेणू काम करत नाहीत," असं म्हणत ते निघाले, आणि साधं तेल घातलेल्या गाडीत बसून गेले. त्यांच्या डिकीत त्या तेलाचा डबा टायरवाल्याने स्वतः पाहिला.

मिस्त्री स्टुलावर चढले. "लोकहो, मघाशी मी लोणी म्हणालो. चुकलं माझं. बोटाला ओशटपणा कळतो, त्यापुढचं काही कळत नाही. मी होकार दिला म्हणून तुम्ही पुढे आलात, आणि आज या पोराची टॅक्सी मी माझ्या हाताने मारली असती." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मेहुणा गोंधळून म्हणाला, "मग दाजी, मी घालू काय? सिंथेटिक की साधं?"

मिस्त्रींचा अंगठा सवयीने वर आला. त्यांनी तो पँटला पुसला. "गाडीचं पुस्तक कुठाय?"

पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, सहा वर्षांपासून, प्लास्टिकच्या वेष्टनात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मिस्त्रींनी ते फोडलं, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने वाचलं. कोणत्या ग्रेडचं तेल, किती भरायचं, किती किलोमीटरला बदलायचं, सगळं लिहिलेलं होतं. त्या ग्रेडचं असेल तर दोन्ही चालेल, असंही होतं.

"सिंथेटिक काही थोतांड नाही," विहीणबाई म्हणाल्या. "ते थंडीत पटकन वाहतं, उष्णतेत लवकर खराब होत नाही. दिवसभर थांबत-चालत राबणाऱ्या टॅक्सीला ते घालावंसं वाटलं तर जरूर घाला. माझी जुनी गाडी आठवड्यातून दोनदा निघते, तिला पुस्तकाप्रमाणे साधं चालतं, मी वेळेवर बदलते. अमर मात्र दोन्हींतलं एकही नाही."

"आणि काळं झालं की गेलं, हे तरी खरं ना?" मिस्त्रींनी दबकत विचारलं.

"इंजिनातली घाण अंगावर घेतं म्हणून काळं होतं, व्याही. झाडणाऱ्याचे कपडे मळले म्हणून त्याला कामावरून काढाल?"

मिस्त्रींनी तीस वर्षांत वेळेआधी ओतून टाकलेलं सगळं तेल आठवलं आणि ते पाना घेऊन टॅक्सीखाली उतरले.

टॅक्सीचा नट घट्ट बसला. पुस्तकातल्या ग्रेडचं सिंथेटिक आत गेलं, पुरतं चार लिटर. तेलाची मोजपट्टी बरोबर वरच्या खुणेपर्यंत भिजली.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "मघाची एक बाटली माझ्याकडे राहिलीय. झाकणभर वरून घालू का? असू दे म्हणून?"

मिस्त्रींनी बाटली काढून घेतली आणि घमेल्यात उपडी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुण्याचा फोन आला, पाचही माणसं पलीकडे पोचली होती. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि तो घासलेला रोलर सुतळीने दारात टांगला. आता कोणी नव्या चमत्काराची बातमी घेऊन आलं की मिस्त्री आधी तो हातात देतात.

"अंगठा फिरवा यावरून," ते म्हणतात. "आणि टाळी वाजवण्याआधी दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: हाच प्रयोग उलट क्रमाने करून दाखवता का? खरा असेल तो दाखवेल. खोटा असेल त्याचं यंत्र तापलेलं असेल."