जास्त, कमी, ठीक

थोरला पहिल्या दिवशी वर्गाचं दार ढकलून आत गेला, तर समोर खिडकीशी त्याचा सख्खा धाकटा भाऊ बसलेला. दोन वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आल्या पावली परत फिरावं असं थोरल्याच्या मनात आलं. पण बायकोने निघताना बजावलं होतं, "हेही अर्धवट सोडून आलात, तर घरी बसून माझं डोकं खाऊ नका." अर्जसुद्धा तिनेच भरून दिला होता. तो मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसला.

सव्वीस वर्षं दोघांनी एकाच सलूनमध्ये, शेजारशेजारच्या आरशांसमोर उभं राहून लोकांचे केस कापले होते. मग जागेच्या मालकाने जागा सोडण्याचा कागद पुढे केला. थोरला चार दिवस परगावी होता, तेवढ्यात धाकट्याने सही करून टाकली. थोरला परत आला तेव्हा भिंतीवर आरशांच्या जागी दोन पांढरे चौकोन उरले होते. त्याने कारण विचारलं नाही, धाकट्याने सांगितलं नाही. अबोला धरण्यात दोघे एकमेकांना हार जाणारे नव्हते.

आता दोघांनाही पोटापाण्यासाठी नवं काहीतरी हवं होतं. वर्ग खुर्चीवरच्या मालिशचा होता, सहा आठवड्यांचा. जत्रेत, प्रदर्शनात, कचेऱ्यांच्या कार्यक्रमात खुर्ची मांडायची आणि येईल त्या माणसाची पाठ, मान, खांदे अंगावरच्या कपड्यांसकट पंधरा मिनिटं दाबून द्यायचे. खुर्चीत उलटं बसायचं. छाती टेकायला गादी, गुडघ्यांना दोन फळ्या, आणि तोंड खुपसायला मधे भोक असलेली उशी. बसणाऱ्याला जमिनीखेरीज काही दिसत नाही.

शिकवणाऱ्या बाई तिशीच्या होत्या, आधी इस्पितळात काम केलेल्या. त्यांनी उंची बघून जोड्या लावल्या. "उंची सारखी हवी, नाहीतर वाकून वाकून तुमचीच कंबर जायची," त्या म्हणाल्या. या दोघांपाशी येऊन थांबल्या. "आडनाव एकच? नात्यातले का?"

"नाही," दोघे एकदम म्हणाले.

बाईंनी एकदा याच्या नाकाकडे पाहिलं, एकदा त्याच्या, आणि पुढे गेल्या.

सरावाचा नियम सोपा होता. दाबणाऱ्याने बोलायचं नाही. खुर्चीत बसणाऱ्याने तीनच शब्द वापरायचे: जास्त, कमी, ठीक. धाकटा आधी बसला. थोरल्याने त्याच्या खांद्यांवर हात ठेवले, आणि काही न सुचून, गिऱ्हाइकाच्या मानेवरून केस झटकतात तसे झटकले.

"झाडू नका, दाबा," बाई मागून म्हणाल्या.

त्याने दाबलं. मनातला राग अंगठ्यांत उतरला असावा.

"जास्त," धाकटा उशीतून म्हणाला.

दोन वर्षांत तो थोरल्याशी बोललेला हा पहिला शब्द. थोरल्याने जोर उतरवला.

"ठीक."

पहिले तीन आठवडे त्यांच्यात याउप्पर काही बोलणं झालं नाही. तरी एकमेकांच्या अंगाची माहिती होत गेली. धाकट्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर होता, कात्री धरून धरून राहिलेला. थोरल्याच्या मानेखाली सुपारीएवढी गाठ होती, तिच्यावर कोपर ठेवलं की तो नकळत श्वास सोडायचा. धाकट्याला ते कळलं, आणि तो न सांगता रोज तिथे दोन मिनिटं जास्त थांबू लागला.

चौथ्या आठवड्यात एकदा बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या. धाकटा खुर्चीत होता. थोरल्याने हात न थांबवता विचारलं, "सही का केलीस?"

धाकटा उशीतूनच बोलला.

"तुझा हात थरथरायला लागला होता, दादा."

थोरल्याचे हात थांबले.

"शाळेतले ते गणिताचे मास्तर आठवतात? त्यांच्या कानामागे वस्तरा लागला होता. तू आत पाणी आणायला गेलास, मी त्यांना म्हटलं, माझा धक्का लागला. मग शिंप्याच्या गालाला. तीन महिन्यांत चार जणांना. मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होतो. किती दिवस नेणार? कोणाच्या गळ्याला लागलं असतं तर?"

थोरल्याला हे अगदीच नवं नव्हतं. चहाचा कप तो दोन वर्षांहून जास्त काळ दोन्ही हातांनी धरत होता. पण गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं नाही, याचा अर्थ आपल्याला सांभाळता येतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीमागे दुसरंच कोणी उभं होतं, हे त्याला आज कळलं.

"मला आधी सांगायचंस," तो म्हणाला.

"ऐकलं असतंस?"

थोरल्याने खरंच विचार केला. "नसतं."

एवढ्यात बाई आत आल्या. "तीन शब्द," त्यांनी आठवण करून दिली. थोरल्याने उरलेली सहा मिनिटं पुरी केली.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो एकटाच मागे राहिला आणि बाईंपुढे हात धरला. बोटं थरथरत होती. "हे चालेल का?"

बाईंनी आपला पालथा हात पुढे केला. "दाबा."

त्याने दाबलं. जोर पडताच थरथर थांबली.

"दाबताना कापत नाही. चालेल," बाई म्हणाल्या. "पण डॉक्टरला दाखवून या. आणि दमलात की थांबायचं. फुशारकी नको."

दोघेही पास झाले. पहिलं काम बागकामाच्या प्रदर्शनात मिळालं, रोपांच्या आणि पाण्याच्या पंपांच्या मधल्या जागेत दोन खुर्च्या. दिवसभरात थोरल्याकडे अकरा माणसं बसली. पंप विकणारा एक जाडा गृहस्थ तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला, तेव्हा रांगेतली माणसं हसली, पण थोरल्याने हाताची लय मोडली नाही. नवव्या माणसानंतर त्याचा अंगठा दुखू लागला. धाकट्याने शेजारून नुसतं आपलं कोपर वर करून दाखवलं. थोरल्याने पुढची दोन माणसं कोपराने केली.

खुर्च्यांची घडी घालताना थोरला म्हणाला, "रविवारी दुपारी जेवायला ये."

"वहिनीला विचारलंस?"

"तू ये."

रविवारी दार तिनेच उघडलं. दोन वर्षांत एकदाही तिने दिराचं नाव काढलं नव्हतं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाऊजी, किती वाळलात," ती म्हणाली, आणि ताट वाढायला आत गेली.