शेजारच्या खोलीची लांब वाट

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे. औषधांच्या गोदामातले सगळे संगणक वायरींनी जिला जोडलेले असतात, ती भिंतीवरची चपटी पेटी.

मला बसवताना तंत्रज्ञाने माझ्या पोटात न दिसणाऱ्या भिंती घातल्या. याला व्हीलॅन म्हणतात. कॅमेऱ्यांची चित्रं एका गल्लीतून जात, बिलं दुसरीतून. कुणी कुणाच्या पायात येत नसे. "आमच्याकडे बिल फटकन निघतं," असं साहेब पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला उगीचच बरं वाटे.

मग बिलं करणाऱ्या ताईंना घरून कामासाठी लॅपटॉप मिळाला. त्यात व्हीपीएन होतं, म्हणजे दूरच्या मुख्य कचेरीपर्यंतचा बंदिस्त बोगदा. "हे कधीही बंद करायचं नाही," साहेबांनी बजावलं. ताई पुन्हा गोदामात बसू लागल्या, तरी त्यांनी ते बंद केलं नाही.

बिलांचा सर्व्हर शेजारच्याच खोलीत होता. पण ताईंचं प्रत्येक अक्षर माझ्यातून बाहेर पडून मुख्य कचेरीला जाई आणि तिथून परत येऊन, माझ्यातूनच, शेजारच्या खोलीत शिरे. उत्तरही त्याच वाटेनं. तोवर पडद्यावरचं चाक फिरत राही.

"ताई, चाकाला तेल घाला," पलीकडच्या टेबलावरचे भाऊ म्हणत.

"तुमच्या जिभेला लावून उरलं, तर घालते."

साहेब मात्र हसत नव्हते. "बाकीच्यांची बिलं निघतात. तुमचीच कशी अडकतात?"

"साहेब, मी लगेच बटण दाबते. पुढे काय होतं, खरंच कळत नाही."

मला कळत होतं. पण दिवे लुकलुकवण्यापलीकडे मी काय करणार? तंत्रज्ञ आला, मला बंद करून चालू केलं, "म्हातारा झालाय" म्हणाला आणि गेला. दोष माझाच तर नसेल, असं मलाही वाटू लागलं.

घरात कमावणाऱ्या ताई एकट्याच होत्या. तरी महिनाअखेरीस त्यांना, उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं गेलं.

लॅपटॉप परत घेताना तंत्रज्ञाने आधी व्हीपीएन बंद केलं. एका रुग्णालयाचं बिल राहिलं होतं.

"एवढं करून जाते," ताई म्हणाल्या. त्यांनी बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत प्रिंटर घरघरला.

तंत्रज्ञाची मान खाली गेली. "ताई, हे व्हीपीएनमुळे होत होतं. साहेबांना सांगू का?"

"सांगा. पण माझ्या जागेवर दुसरी बाई ठेवलीय त्यांनी." ताईंनी बिलावर शिक्का मारला आणि पर्स उचलली.

मित्रांनो, काम रखडलं तर ते कोणत्या वाटेनं जातंय, हे आधी पाहा. मला वाचा नाही. ताईंना होती, आणि त्या सांगतही होत्या. निदान बोलणाऱ्याचं तरी ऐकून घ्या.