खाडा

वरच्या खुर्च्यांवर बसून सह्या ठोकणाऱ्या साहेबांनो, तुम्ही चोर आहात. हे तोंडावर सांगायला कॅरोबेग गावातलं कुणी तुमच्या दारात येणार नाही, म्हणून इथंच सांगून टाकलेलं बरं. साधा चोर निदान तोंड तरी झाकतो. तुम्ही भरदिवसा, कायदा हातात घेऊन आलात आणि एका म्हातारीच्या चुलीतला विस्तव उचलून नेलात. तिचं नावसुद्धा तुम्हांला विचारावंसं वाटलं नाही. डेलिया रुएन तिचं नाव.

मे महिना लागला होता. समुद्राकडून आलेला पाऊस चार दिवस झोडपून दमला आणि जरा उघडीप मिळाली. डेलियानं पातं घासलं, लांब दांड्याचं फावडं खांद्यावर टाकलं आणि दलदलीची वाट धरली. तिथली काळी माती लोण्यासारखी कापायची, तिच्या ओल्या विटा वाऱ्यावर वाळत घालायच्या आणि हिवाळाभर चुलीत जाळायच्या. तिच्या सासूनं तेच केलं, सासूच्या सासूनंही तेच. कॅरोबेगमध्ये झाड नाही की कोळसा नाही. जे काही आहे ते त्या चिखलात आहे.

दलदलीतल्या तिच्या वाट्याच्या पट्ट्याला कुणीतरी तार ठोकली होती. तारेवर पाटी होती. शेजारचा मॅटी बादली पालथी घालून पाटीसमोर बसला होता.

"काय लिवलंय रं, मॅटी?"

"चष्मा घरी इसरलो. पर चांगली बातमी कुणी तारंत गुंडाळून देत न्हाई, डेलिया."

डेलियानं वाचलं. सरकारनं दलदल राखीव केली होती. ज्यांनी दर उन्हाळ्याला, एकही खाडा न करता माती कापली, त्यांचाच हक्क राहणार होता. बाकीच्यांनी फावडं लावलं तर गुन्हा. कॅरोबेगच्या सगळ्या पट्ट्यांचा हक्क बुडाला होता, कारण एका उन्हाळ्यात गावानं कापणी केली नव्हती. खाली सही होती : कोलमन डर्कन, राज्यमंत्री.

"कोलमन?" मॅटी उठून उभा राहिला. "आपला कोलमन?"

"माझ्या बहिणीचा," डेलिया म्हणाली.

त्याची आई लवकर गेली तेव्हा कोलमनला डेलियानंच वाढवलं. तो कायदा शिकायला गॉलवे शहरात गेला, तेव्हा दर शरदात ट्रॉलीभर विटा त्याच्या घरमालकिणीच्या अंगणात जाऊन पडायच्या. वकिलीची जाडजूड पुस्तकं त्यानं ह्याच मातीच्या उबेत वाचली. त्याच्या कोटाला धुराचा वास यायचा म्हणून वर्गातली पोरं नाक धरायची, तेव्हा रडत घरी आला होता. "मावशे, म्या न्हाई जानार परत," म्हणाला होता. डेलियानं दोन बटाटे ताटात जास्त वाढले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बसमध्ये नेऊन बसवला.

वकील झाल्यावर त्याचा पहिला खटला ह्याच दलदलीचा. एका जमीनदाराला ती विकायची होती. कोलमन डेलियाच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "मावशे, कागद न्हाई आपल्याकडं. आपला एकच आधार. कुनीबी एकबी उन्हाळा चुकवलेला न्हाई. खाडा झाला की मेलो." मग कोर्टात त्यानं तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात विचारलं, "डेलिया रुएन, गेल्या सगळ्या उन्हाळ्यांत तुम्ही कुठे होता? शपथेवर सांगा."

"दलदलीत," डेलियानं सांगितलं.

गाव जिंकलं. कोलमनचं नाव जिल्हाभर झालं. तो जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलवर निवडून गेला, मग मोठ्या निवडणुकीला उभा राहिला. निवडणूक नेमकी जूनमध्ये पडली, आभाळ कोरडं ठणठणीत, कापणीला याहून बरे दिवस नाहीत. डेलियानं फावडं काढलं तर हा दारात.

"एक उन्हाळा ऱ्हाऊ दे, मावशे. माती काय पळून जातीय व्हय? मला मानसं पायजेत."

अख्खं गाव त्याच्यासाठी दारोदार फिरलं. मॅटीला तर तीन कुत्री चावली आणि तीनही विरोधी पक्षाची होती, असं तो अजून सांगतो. डेलियाच्या टाचा फुटल्या. दलदल त्या साली हिरवीगार राहिली. कोलमन निवडून आला, राजधानीला, डब्लिनला गेला, आणि गावानं तो हिवाळा विकतचा कोळसा जाळत, खोकत काढला. खोकतानासुद्धा लोक अभिमानानं खोकले.

तोच तो खाडा.

दर शनिवारी कोलमन गावातल्या पबच्या मागच्या खोलीत लोकांना भेटायचा. कुणाला रस्त्यातला खड्डा बुजवून हवा असायचा, कुणाला पोराला नोकरी. डेलिया रांगेत उभी राहिली. मॅटी तिच्या मागं.

"अरे, मावशी! रांगेत कशाला?" कोलमन उठला. कोटाला आता साबणाचा वास होता. बोलणंही धुऊन आणलेलं.

"पाटी तू लावलीस?"

"नियम केला, मावशी. तो मसुदा मीच लिहिला. दलदल वाचवायची तर कुठेतरी रेघ मारावी लागते. सलग वापर हाच न्यायालयात टिकणारा मुद्दा आहे."

"ठावं हाय. माझ्याच चुलीपुढं बसून शिकलास तू तो."

"त्या जूनचा विमानातून काढलेला फोटो आहे. एकही काळा चर दिसत नाही. मी काय करू?"

"म्या कुठं व्हते त्या जूनमधी, ते ठावं हाय न्हवं तुला?"

कोलमननं दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "हे बघ, तेवढं एक साल वगळलं, तर विरोधक म्हणतील, आपल्या माणसांना सवलत दिली. मग हा नियमही जाईल आणि मीही जाईन. कायदा सगळ्यांना सारखा, मावशी. तुला कोळसा पाठवतो की. दर महिन्याला."

"इकतचा?" मॅटी मधेच म्हणाला. "खोकायचं औषध बी धाड संगट."

कोलमन हसला. त्याला वाटलं, थट्टा झाली म्हणजे मिटलं. त्यानं डेलियाच्या खांद्यावर हात ठेवला, पुढच्या माणसाला आत घे म्हणून मदतनिसाला खूण केली.

डेलियानं तो हात हळूच बाजूला केला. ती दारापर्यंत गेली आणि दार सताड उघडलं. पबमध्ये शनिवारची गर्दी होती. पेले खाली आले, बोलणी थांबली. ज्यांनी त्या उन्हाळ्यात जोडे झिजवले, ते बहुतेक तिथंच होते. त्यांच्याही पट्ट्यांना तार होती.

"मावशे, दार लाव," कोलमन म्हणाला. घाईत त्याची जुनी बोली तोंडात आली.

डेलिया वळली. कोर्टात तो उभा राहिला होता तशीच ताठ उभी राहिली आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच भाषेत बोलली.

"कोलमन डर्कन, त्या उन्हाळ्यात डेलिया रुएन कुठे होती? शपथेवर सांगा."

कोलमननं टेबलावरचे कागद सारखे केले. पुन्हा सारखे केले.

"आम्ही ऐकतोय," डेलिया म्हणाली. "सांगा."