एक्क्याण्णवावा दिवस

डाव्या हातातल्या पोलादी जाळीच्या हातमोज्याची एक कडी तुटली होती आणि तिथून करंगळीशेजारची कातडी दिसत होती... मसुराएवढी, सुरी घुसायला पुरेशी. डिंफ्नाने मोजा बदलला नाही. फिरत्या पट्ट्यावरून गुराची आणखी एक तंगडी आली, तिने हाडालगत सुरी घातली आणि नेहमीसारखी वळवून न घेता सरळ ओढली — फाडलीच.

"बाई, सावकाश," शेजारचा एडिल्सन म्हणाला. ब्राझीलहून येऊन या कत्तलखान्यात त्याची बारा वर्षं गेली होती. "ते मेलंय कधीच."

ती हसली नाही. तिने अर्ज केल्याचा काल नव्वदावा दिवस होता. जन्माची नि दत्तकाची कागदपत्रं मागितली की तीस दिवसांत उत्तर, फारच गुंता असला तर नव्वद — असा कायदाच झाला होता. तो झाला त्या दिवशी आयर्लंडभर टीव्हीवर माणसं रडली होती. ती कागदपत्रं देणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाचा चेहरा तिला ठाऊक नव्हता, म्हणून तिने एक बनवून घेतला होता — बारीक ओठांचा, चष्मा लावणारा — आणि गेले नव्वद दिवस प्रत्येक तंगडीवर तोच चेहरा ठेवून ती सुरी चालवत आली होती. अठ्ठावन्न वर्षं मी थांबले, वर हे नव्वद... आज मी फोनवर ओरडणार आहे, त्याचा कान फुटेपर्यंत ओरडणार आहे.

दहाच्या चहाला तिने फोन लावला. आवाज एका मुलीचा होता, कोवळा.

"मिस गॅफ्नी, तुमची फाइल आम्ही अठ्ठाविसाव्या दिवशीच पाठवलीय. रजिस्टर पोस्टाने. पोच आहे ना... सही जार्लथ गॅफ्नी."

जार्लथ. तिचा भाऊ. ही दत्तक, तो आईच्या पोटचा.

ज्याच्यावर ओरडावं असं कुणी उरलंच नाही. एप्रन तिथेच टाकून ती गाडीत बसली. घरापर्यंतच्या नऊ मैलांत एकदाही ब्रेक दाबल्याचं तिला नंतर आठवेना.

जार्लथ स्वयंपाकघरात आईसाठी बटाटे सोलत होता. आई पलीकडच्या खोलीत रेडिओवरची चर्चची प्रार्थना ऐकत पडली होती.

"कुठंय?"

काय कुठंय, असं त्याने विचारलंच नाही. "आई गेली की देणार होतो. शहाऐंशीची आहे, डिंफ्ना. किती दिवस राहिलेत तिचे?"

"आणि माझे?"

"तू त्या दुसऱ्या आईला शोधत गेलीस तर हिने काय करायचं?"

"उघडलंस?"

त्याने हातातला बटाटा खाली ठेवला. मग हळूच, जणू दिलासाच देतोय असा, "तुझं नाव वेगळं होतं. चांगलं आहे. तिनं ठेवलेलं..."

याला माहीत आहे. दोन महिने हा माझ्यासमोर जेवला, मीठ दे म्हणाला, आणि माझं नाव याच्या तोंडात होतं —

तिने मारलं. मुठीने, तोंडावर. तो कपाटावर आदळला, बशा खाली आल्या, पुन्हा मारलं, ओठ फाटला. त्याने हात वर केला नाही, म्हणून तिसऱ्यांदा. आणि बरं वाटत होतं, हे सगळ्यात भयंकर... खूप बरं वाटत होतं. बापही कमरेचा पट्टा चालवताना तिच्यासारखाच धापा टाकत असे. कुणाचं रक्त आहे कुणास ठाऊक, म्हणायचा, आणि तिला मारायचा.

जार्लथने फ्रीजरमधल्या वाटाण्यांच्या पिशव्यांमागून पाकीट काढलं, रक्ताची बोटं शर्टाला पुसून मगच तिच्या हातात दिलं. "सांगू नाव?"

"एक अक्षर बोललास तर जीव घेईन."

ती मागच्या पायरीवर बसली. बोटांची हाडं सुजू लागली होती. हा हात बापाने शिकवलेला, की तिला जन्म देणाऱ्या, या पाकिटातल्या कुणा पोरीकडून आलेला? सकाळपर्यंत तिला आई हवी होती; आता फक्त एवढंच कळायला हवं होतं, आणि तेच कळायला नको होतं. कचेरीने आपली मुदत पाळली होती. पाकीट उघडायला तिला मात्र कुणी मुदत घातलेली नव्हती — आज, उद्या, कधीच नाही... आणि एवढे दिवस समोर मोकळे पाहून तिला पहिल्यांदाच भीती वाटली.