सातवं रीळ आणि चार सेकंद

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खिशात मावणारा नव्हे. दोन रिळांचा, लाकडी पेटीतला, चांगला वासराएवढा जड. मला दुकानातून घरी नेताना माझ्या मालकांच्या कमरेतून 'कट्' असा आवाज आला, तो मी टिपून ठेवला आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तेव्हा माझी वायरसुद्धा कुठे जोडलेली नव्हती. पण जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगून कंटाळलेल्या यंत्राला स्वतःची गोष्ट सांगताना थोडं तिखटमीठ लावायची मुभा असावी. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बहुतेक खरं आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. बारीक बोटांच्या बायका माझ्या पोटात तारा भरत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मला तपासायला म्हणून विचारलं, "काय रे, ऐकू येतंय का?" आणि लगेच ते पुसून टाकलं. ती माझी पहिली आठवण. पुसलेली असली तरी माझीच.

पुढे एका गिऱ्हाइकानं मला दुरुस्तीला टाकलं आणि तो परत फिरकलाच नाही. ज्यांच्या दुकानात टाकलं ते माझे मालक घड्याळजी होते. काम घड्याळांचं, पण उघडता येईल अशी कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी मला बरं केलं आणि बायकोसाठी घरी आणलं.

त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. बाई पुढच्या खोलीत फ्रेंच शिकवायच्या. एक टेबल, आठ खुर्च्या, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन सारख्या नाहीत. दिवसभर क्रियापदं चालवून बाईंचा घसा बसे. म्हणून ठरलं, की बाईंनी सगळी क्रियापदं एकदाच माझ्यात भरायची. पुढची घोकंपट्टी मी करून घेईन.

पद्धत अशी होती. बाईंनी एक रूप म्हणायचं. मग टेप तशीच रिकामी फिरू द्यायची. त्या रिकाम्या जागेत विद्यार्थ्यानं ते रूप परत म्हणायचं. जागा किती ठेवायची, यावरून पहिल्याच दिवशी जुंपली.

"दोन सेकंद पुष्कळ झाले," बाई म्हणाल्या.

घड्याळजींच्या हातात सेकंद मोजायचं, कळ दाबली की थांबणारं घड्याळ होतं. "चार," ते म्हणाले.

"अहो, चार सेकंदांत माणूस झोपेल!"

"अगं, पहिल्या सेकंदाला माणूस घाबरतो. दुसऱ्याला आठवून बघतो. तिसऱ्याला बोलतो."

"आणि चौथा?"

"चौथा वर. ज्याला वेळ लागतो त्याच्यासाठी."

बाई हसल्या आणि चारला कबूल झाल्या. मग रोज दुपारी दुकान बंद करून घड्याळजी येत आणि समोर बसत. बाईंचं रूप म्हणून झालं की ते हात वर करत. चार सेकंद झाले की खाली घेत. त्यांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांच्या खुर्चीची करकर मात्र सगळ्या रिळांवर आहे.

सहा रिळं झाली आणि सातव्याची पाळी आली. फ्रेंचमध्ये क्रियापदाचं एक जुनं रूप आहे. आपण म्हणतो ना, 'तिनं बोलावं असं मला वाटत होतं'? त्यातलं ते 'बोलावं'. वाटणं मागे होऊन गेलेलं असेल, तर त्या 'बोलावं'साठी फ्रेंच भाषेनं एक वेगळाच पोशाख शिवला होता. आता बोलताना तो कुणी घालत नाही. जुन्या पुस्तकांत तेवढा घडी घालून ठेवलेला सापडतो. त्याचं व्याकरणातलं नाव चिठ्ठीवर मावेना, म्हणून बाईंनी रिळावर नुसतं 'सात' लिहिलं. पहिलं क्रियापद घेतलं 'बोलणे'. क ज पार्लास, म्हणजे 'मी बोलावं'. चार सेकंद. क त्यू पार्लास. चार सेकंद. किल पार्ला. अशी सहा रूपं, आणि अशी चाळीस क्रियापदं.

मित्रांनो, ते माझे भरभराटीचे दिवस होते. परदेशी निघालेली परिचारिका, हॉटेलातला आचारी, अगदी सारख्याच चुका करणाऱ्या जुळ्या बहिणी, सगळे माझ्यापुढे बसून गेले. पण सातवं रीळ लावलं की तोंडं वाकडी व्हायची. आचारी तर भांडायलाच उठला.

"बाई, हे तिकडे कोण बोलतं?"

"कुणीच नाही."

"मग आम्ही काय पाप केलंय?"

"तुझ्याकडे मासे उकडायचा तांब्याचा लांबट टोप आहे ना? कितीदा निघतो?"

"वर्षातून एकदा. तेही साहेबांचे साहेब आले तर."

"आणि घासतोस कितीदा?"

"दर आठवड्याला! नाहीतर हिरवा पडतो."

"मग म्हण. क ज पार्लास."

आचाऱ्यानं म्हटलं. पण परीक्षेतूनच ते रूप काढून टाकल्यावर बाईंचाही नाइलाज झाला. सातवं रीळ डब्यात गेलं ते गेलंच.

पाठोपाठ मीही गेलो. लहान, हलकी, चटपटीत यंत्रं आली. माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली आणि माझ्या डोक्यावर एक सुटकेस आली. धुळीचा थर इतका चढला की एका कोळ्यानं माझ्यात तीन पिढ्या काढल्या; त्यांतली तिसरी फ्रेंच बोलायची. बरं, हे सोडून द्या. पण माझा रबरी पट्टा खरोखरच विरघळून चिकट झाला होता, आणि मला कुणी हाक मारत नव्हतं, हेही खरं.

एके सकाळी बाईंनी घड्याळजींकडे काहीतरी मागितलं. दोरा कापायचा होता. "अहो, ती द्या ना... ती..." आणि शब्द आलाच नाही. त्या दोन बोटं उघडमीट करून दाखवत राहिल्या. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

दवाखान्यातून परत आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. सगळं कळत होतं; ओठापर्यंत मात्र काही येत नव्हतं. वाचा शिकवायला येणारी डॉक्टरीण म्हणाली, "सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. यांनी प्रयत्न सोडता कामा नये. कधीकधी पाठ केलेलं आधी परत येतं. अंक, वार, गाणी. म्हणवून घ्या."

घरात मदतीला घड्याळजींची थोरली बहीण आली होती. बाई तिला वन्सं म्हणायच्या, म्हणून मीही म्हणतो. वन्संचा जीव मोठा आणि तोंड त्याहून मोठं. "सोमवार म्हण बघू. सो-म-वार. मंगळवार. अगं म्हण की! पाणी हवंय का? उशी देऊ? बुधवार म्हण!" बाईंचे ओठ हलायला लागावेत आणि तेवढ्यात वन्संनी गुरुवार गाठावा. घड्याळजींचंही तेच. भीतीनं तेही बोलतच राहायचे. त्या घरात रिकामा सेकंद म्हणून उरला नव्हता. पंधरवड्यानंतर बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. वार म्हणवून घ्यायला लागलं की डोळे मिटून घ्यायच्या.

अशाच एका दुपारी घड्याळजी स्टुलावर चढले आणि त्यांनी मला खाली काढलं. उपचार वगैरे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना बाईंचा आवाज ऐकायचा होता, एवढंच. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून माझा पट्टा कापला. कापसानं माझे कान पुसले. मग रिळांचा डबा उघडला. पहिली सहा रिळं वापरून वापरून झिजली होती. टेप हातात घेताच तुकडे पडत होते. सातवं तेवढं नव्यासारखं धड होतं. कुणाला नको होतं, म्हणून ते उरलं होतं.

मी फिरू लागलो. क ज पार्लास.

"अगोबाई!" वन्सं म्हणाल्या. "केवढा कोवळा आवाज! अरे, हे कुठल्या सालचं—"

घड्याळजींनी हात वर केला. पूर्वी करायचे तसाच. वन्सं गप्प झाल्या. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. खोलीत नुसती माझी घरघर आणि त्यांच्या तरुणपणीच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. बाईंनी मान वळवली नाही. पण डोळे उघडले.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सात दिवस घड्याळजी रोज दुपारी मला लावत, प्रत्येक रूपानंतर हात वर करत, खाली घेत. चाळीस क्रियापदं, दोनशे चाळीस वेळा. वन्सं पदराचा बोळा तोंडात धरून बसायच्या.

आता मी एक कबुली देतो. आठव्या दिवशी मी जागा वाढवली. चारचे पाच केले, पाचचे साडेपाच. घड्याळजी म्हणतात, ट्यूबचा पट्टा सैल झाला होता. म्हणू देत. पहिलं रूप झालं. घाबरण्याचा सेकंद गेला. आठवण्याचा गेला. बोलण्याचाही गेला. आणि त्या वरच्या, उरलेल्या वेळात भिंतीकडून आवाज आला.

"...लास."

घड्याळजींचा हात वरच राहिला. क त्यू पार्लास, मी म्हटलं.

"पार्लास," बाई म्हणाल्या.

मग किल पार्ला. मग उरलेली तिन्ही. जिभेला जडपणा होता, पण एकही रूप चुकलं नाही. घड्याळजींचा हात खाली आलाच नाही. रीळ संपून टेपचं टोक फडफडू लागलं तरी तो वरच होता. वन्संनी पदर सोडला आणि रडत विचारलं, "अरे, काय म्हणाली रे ती?"

"मला काय ठाऊक," घड्याळजी म्हणाले. "पण बरोबर म्हणाली."

तिथून पुढचं काम महिनोन्‌महिने चाललं. चाळीस क्रियापदं आली. त्यांचं बोट धरून वार आले, अंक आले, वन्संचं नाव आलं. सगळं आलं नाही. काही शब्द अजूनही येत नाहीत. पण एका सकाळी बाईंनी घड्याळजींकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. "अहो, ती द्या ना... ती..." घड्याळजींना शब्द माहीत होता. वन्संना माहीत होता. मलासुद्धा माहीत होता. कुणीही तो सांगितला नाही.

"कात्री," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी आता पुढच्या खोलीत टेबलावर असतो. ट्यूबचा पट्टा पुन्हा चिकट होऊ लागला आहे, आणि असल्या पेट्यांचं फार काळ काही खरं नसतं. माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल; विसरलात तरी मी रुसणार नाही. पण कधी कुणाला काही विचारलंत, आणि समोरचं माणूस नुसतं बघत राहिलं, तर त्याचा शब्द त्याच्या तोंडून ओढून घेऊ नका. हात वर करा आणि थांबा. तीन सेकंद सगळेच देतात. तुम्ही चौथाही द्या.

नाही आला शब्द, तर पट्टा थोडा सैल सोडा.