खैरवाडीच्या शिवेवरचा गाडा

कडावच्या पुढं ओढ्याकाठी चिंचवाडी म्हणून वीस-बावीस उंबऱ्यांची वस्ती होती. १९४४ च्या वैशाखात तिथं पटकी शिरली. पहिली धोंडूबाई गेली. सकाळी जात्यावर बसलेली बाई दिवस मावळायच्या आत तिरडीवर होती. आठ दिवसांत पाच जण गेले. कुणाच्या घरातून ओकारीचा आवाज आला की शेजारी दार लावून घेत.

मग पाटील कोंडाजीनं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. रीत जुनी होती. लहानशा लाकडी गाड्यात देवी बसवायची, लिंबं आणि हिरवा चुडा ठेवायचा, गाडा पुढच्या गावाच्या शिवेत ढकलायचा आणि मागं न बघता परतायचं. गाड्याबरोबर रोगही जातो, अशी समजूत.

पुढचं गाव खैरवाडी. तिथं चिंचवाडीतल्या गौराबाईची लेक बायजा नांदत होती. तिला सातवा महिना होता.

गाडा निघाला त्या दुपारी गौराबाई आधीच शिवेवर जाऊन उभी राहिली. पलीकडे खैरवाडीचे लोक काठ्या-कोयते घेऊन उभे होते. त्यांत तिचा जावई हिरामणही होता.

“गौरे, बाजूला हो!” कोंडाजी ओरडला.

“माजी पोर हाय तिकडं.”

“आन् आमची पोरं? माजा नातू सकाळधरनं ओकतोय गं!”

तिनं पुढं होऊन गाड्याची दांडी धरली. ओढणारे चौघे चटका बसल्यासारखे मागं सरले. निघालेला गाडा जो अडवील त्याच्या अंगावर रोग येतो, असं सारे मानत. तीही मानत होती.

“मरीआई हितंच ऱ्हाईल,” ती कशीबशी म्हणाली. “मी बसते तिच्यापाशी.”

तिला हात लावायला कुणी धजेना. दोन्हीकडचे लोक हळूहळू पांगले.

तीन दिवस ती करंजाच्या झाडाखाली गाड्याजवळ बसून होती. हिरामण लांबूनच भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवून पळून जाई. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात मुरडा आला. ‘आली,’ असं म्हणून ती मातीत आडवी झाली आणि ओकारीची वाट बघत राहिली. ओकारी आली नाही.

चिंचवाडीत मात्र कोंडाजीचा नातू गेला. आणखी एक म्हातारी गेली. आठवड्यानं कर्जतहून सरकारी माणसं आली, त्यांनी विहिरीत लाल औषध टाकलं, सगळ्यांना सुया टोचल्या, तेव्हा कुठं रोग हटला. खैरवाडीत कुणी दगावलं नाही. बायजाला मुलगी झाली.

पण चिंचवाडीत गौराबाईच्या हातचं पाणी कुणी घेईना. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला होत.

दुसऱ्या वर्षी भातकापणीला कोंडाजी तिच्या बांधावर येऊन उभा राहिला. हातात काठी होती. ती घाबरून मागं सरली.

“गौरे,” तो म्हणाला, “पानी दे.”

तिनं तांब्या पुढं केला. पाणी तो उभ्यानंच प्याला.