कोरी पट्टी

त्या बाजारात दोन सख्खे भाऊ समोरासमोर दुकानं मांडून बसले होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. लोक त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचे. थोरले पितळेवर हातानं अक्षरं कोरायचे. दारावरच्या पाट्या, शर्यतीचे कप, निवृत्त होणाऱ्या साहेबांना द्यायची मानचिन्हं. हात सोन्यासारखा होता, पण हातानं मिळवलेलं गिऱ्हाईक ते तोंडानं घालवायचे. "पाटी मोठी करा म्हणताय, पण नाव तेवढं मोठं आहे का तुमचं?" असं ऐकून घेतल्यावर माणूस दुसऱ्यांदा कशाला पायरी चढेल?

धाकटा त्यांच्याच हाताखाली शिकला. बाप लवकर गेला, थोरल्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला, हे अगदी खरं. आणि ही गोष्ट त्यांनी त्याला एक दिवससुद्धा विसरू दिली नाही, हेही खरं. जेवताना ऐकवायचं, काम करताना ऐकवायचं, पाहुणे आले की आवाज चढवून ऐकवायचं. शेवटी एक दिवस धाकटा उठला, रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या गाळ्यात लेझर मशीन घेऊन बसला. थोरल्यांना एका नावाला तासभर लागायचा, तिथं त्याचं मशीन चहा निवायच्या आत नाव काढून मोकळं व्हायचं. हळूहळू सगळा बाजार त्याच्यामागून रस्ता ओलांडून गेला. मग त्यानं गाडी घेतली, माणसं ठेवली, सरकारी दवाखान्याला चाकाच्या खुर्च्या दिल्या, शाळेचे मोडके बाक दुरुस्त करून दिले. थोरले दुकानात बसून हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, "प्लास्टिकवाला दानशूर!"

व्यापारी मंडळही धाकट्याकडेच गेलं होतं, आणि ते थोरल्यांना सगळ्यात जास्त झोंबलं होतं. मंडळ दरवर्षी एका व्यापाऱ्याचा सत्कार करायचं. धंद्यात नाव काढलेलं हवं आणि गावासाठीही काही केलेलं हवं. त्या सत्काराचं मानचिन्ह कितीतरी वर्षं थोरल्यांनी बनवलं होतं. कापडवाल्याचं नाव कोरलं, औषधवाल्याचं कोरलं. अनाथाश्रमात फुटकी बिस्किटं वाटणाऱ्या बेकरीवाल्याचंसुद्धा कोरलं. आणि दर वेळी छिन्नी खाली ठेवताना मनात एकच विचार यायचा, आमचं नाव कधी? आयुष्यात त्यांना दुसरं काही नको होतं. बंगला नको, गाडी नको. भर सभागृहात आपलं नाव पुकारलं जावं आणि टाळ्या वाजाव्यात, एवढंच. पुढे पुढे मंडळाची ऑर्डरही बंद झाली, तेव्हा ही आस मेली असं बायकोला वाटलं होतं. कसली मरतेय!

त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. त्यांचा सिमेंटचा धंदा होता आणि माणूस सदा हसरा. ज्याच्या हसण्यानं समोरच्यानं खिसा चाचपून बघावा, तसला हसरा.

"थोरले, यंदाचं मानचिन्ह तुम्हीच करायचं. आपलं जुनं, सागवानी पाटावर पितळी पट्टी. जोरदार झालं पाहिजे!"

"समोर मशीन बंद पडलंय वाटतं?" थोरल्यांनी मान वर न करता विचारलं.

"छे हो, यंदा तुमच्याशिवाय जमणारच नाही."

"नाव काय कोरायचं?"

अध्यक्ष जरा घुटमळले. "नावाची पट्टी कोरीच ठेवा. नाव मागाहून टाकू. आणि हो, समारंभाला यायचंच आहे. पहिल्या रांगेत. वहिनींनाही आणा. नाही म्हणायचं नाही."

अध्यक्ष गेले आणि थोरल्यांच्या हातातली छिन्नी तशीच हातात राहिली. इतक्या वर्षांत नाव न सांगता ऑर्डर कधी आली नव्हती. ज्याचा सत्कार असेल त्याच्यापासून नाव लपवायचं, ही मंडळाची जुनी रीत. पण कोरणाऱ्याला ते आधी सांगावंच लागायचं. मग यंदा कोरणाऱ्यापासूनच का लपवलं? एकच कारण असू शकतं. थोरल्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं. म्हातारपणी माणूस लाजतो कसा ते त्या दिवशी कुणी बघायला हवं होतं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी नाव पुकारू द्या, मग नाचा."

"तुला बघवत नाही माझं चांगलं झालेलं. माहेरची सवय."

"माझं माहेर कशाला काढता? धाकट्या भावजींना विचारून तरी बघा, ते मंडळावर आहेत, त्यांना सगळं आधी कळतं."

"त्याला विचारू? त्या दीडशहाण्याला? अगं, त्याच्या पोटात दुखतंय म्हणूनच तो गप्प आहे. तू उद्यापासून तोंड बंद ठेव आणि माझा कोट बघ. पोटावर बसत नाही."

तिनं कोटाची शिवण उसवली आणि पोटावर सैल करून दिला. पुढे एक शब्द बोलली नाही. थोरल्यांना वाटलं, पटलं बाईला.

मानचिन्ह मात्र असं झालं की नजर काढावी. सागवान त्यांनी आरशासारखं घासलं. पट्टीच्या कडेनं बारीक वेल काढली, जी मंडळानं मागितलीही नव्हती. पण मधली कोरी जागा बघून त्यांच्या जिवाची कालवाकालव व्हायला लागली. स्टेजवर कोरं मानचिन्ह हातात घ्यायचं? मग नंतर मुकाट्यानं दुकानात येऊन आपणच आपलं नाव कोरायचं? शोभेल का ते? त्यापेक्षा आत्ताच कोरलं तर मंडळाचेही कष्ट वाचतील, लोकही चकित होतील. त्यांनी दाराला आतून कडी लावली, चष्मा पुसला आणि आपलं नाव कोरलं. पहिलं नाव, मग आडनाव. इतकी देखणी अक्षरं त्यांनी आयुष्यात कुणासाठी काढली नव्हती. मग त्यावर मखमली कापड बांधलं आणि मंडळाचा माणूस न्यायला आला तेव्हा त्याला ताकीद दिली, "स्टेजवरच सोडायचं हे. आधी हात लावशील तर याद राख."

समारंभाच्या आदल्या दिवशी धाकटा आला. कित्येक वर्षांनी त्या उंबऱ्यात त्याचं पाऊल पडलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, आणि थोरल्यांना तेवढे प्रेक्षक पुरेसे होते.

"दादा, जरा बोलायचं होतं. उद्याच्या कार्यक्रमाबद्दल. आत बसू या का?"

"आत? आत माणसं बसतात. तू तिथंच उभा राहा. पळून गेलेला नोकर मालकाच्या घरात बसतो का?"

गिऱ्हाइकं इकडेतिकडे बघायला लागली. धाकट्याचा चेहरा उतरला, पण त्यानं धीर सोडला नाही. "दादा, आधी ऐकून तर घे. उद्या तुला एकदम कळण्यापेक्षा मीच..."

"मला काय कळायचं ते कळलंय. कालपर्यंत तुझं नाक मी पुसत होतो आणि आज तू मला सांगणार? सत्कार आहे उद्या माझा. या हातांचा! तुझ्या मशीनला कुणी फुलं देत नाही, म्हणून जळफळाट होतोय ना? ये उद्या. मागं उभं राहायला जागा मिळेल. टाळ्या वाजवायला तरी शिकवलंय मी तुला."

काहीतरी सांगायला धाकट्यानं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. मग तो चक्क हसला.

"बरं दादा. उद्या भेटू," म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

"कशी जिरवली!" थोरले गिऱ्हाइकांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. थोरले कोट घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी बायको. खिशात छोटी छिन्नी, हातोडी आणि पेचकस होता. मानचिन्हांचे स्क्रू ऐन वेळी ढिले होतात, म्हणून कुठल्याही समारंभाला ही अवजारं न्यायची त्यांना सवय होती. स्टेजवर मखमलीत झाकलेलं मानचिन्ह टेबलावर ठेवलं होतं. थोरल्यांनी भाषणाची चार वाक्यं पाठ केली होती आणि ती ते ओठांतल्या ओठांत घोळवत होते.

अध्यक्ष माइकसमोर आले. "यंदाचा आपला माणूस लहान दुकानातून वर आला. वडील लवकर गेले. हातात फक्त कला होती." थोरल्यांनी कोटाचं बटण लावलं. "आज दवाखान्यात त्यानं दिलेल्या खुर्च्या आहेत, शाळेत त्यानं दुरुस्त केलेले बाक आहेत..."

थोरले अर्धे उठले होते. खुर्च्या म्हटल्यावर तसेच थांबले. अध्यक्षांनी नाव पुकारलं, आणि मागून टाळ्यांच्या कडकडाटात धाकटा स्टेजकडे निघाला. अर्धवट उठलेल्या भावाच्या अगदी अंगावरून गेला. बायकोनं थोरल्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं.

मग थोरल्यांना मानचिन्ह आठवलं. ओरडावं, दिवे घालवावेत, धावत जाऊन ते उचलावं, असं खूप काही मनात आलं, पण तोवर उशीर झाला होता. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांनी मखमल ओढली, चष्मा सावरला आणि माइकवर मोठ्यानं नाव वाचलं. थोरल्यांचं.

मग कुठेतरी कुणीतरी फिसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळ्या रांगा हसायला लागल्या.

"अहो, आडनाव तर बरोबर आहे!" अध्यक्ष म्हणाले, आणि हसण्याचा नुसता पूर आला. अध्यक्षांना अशा वेळी थांबवत नाही. "मंडळी, आता खरं सांगतो. एरवी आमची मानचिन्हं धाकटेच करतात. पण स्वतःच्या सत्काराचं मानचिन्ह स्वतःच कसं करायचं? बरं दिसतं का ते? म्हणून आम्ही थोरल्यांकडे दिलं. भावाचं नाव सांगितलं तर हे काम फेकून देतील, म्हणून पट्टी कोरी ठेवा म्हटलं. तर यांनी स्वतःचाच सत्कार करून टाकला!"

लोक डोळे पुसत होते. औषधवाला तर खुर्चीवरून घसरायचा बाकी होता.

"या थोरले, वर या. लाजताय काय? चूक तुमची, दुरुस्तीही तुमचीच. अवजारं असतातच ना खिशात?"

थोरले वर गेले. कसे गेले ते त्यांना कळलं नाही. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. राहू द्या, उद्या करू, एवढं त्यानं म्हटलं असतं तर सुटका झाली असती. धाकटा हातातल्या फुलांवरून भावाकडे शांतपणे बघत होता.

"करून दे ना दादा," तो म्हणाला. "सगळे थांबलेत."

पितळेवरचं नाव खोडता येत नाही. थोरल्यांनी स्क्रू काढले, पट्टी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भावाचं नाव आखायला घेतलं. अध्यक्षांनी माइक काढून छिन्नीजवळ धरला, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल. सभागृहभर टकटक ऐकू यायला लागली. सुरुवातीला लोक ठोक्याठोक्याला हसत होते, मग कंटाळून आपापसांत बोलायला लागले. थोरल्यांचा घाम पट्टीवर पडत होता आणि ते तो बाहीनं पुसत होते. हात मात्र हलला नाही. हरामखोर हात! निदान आज तरी एखादं अक्षर वाकडं यावं, पण एकही आलं नाही. मग त्यांनी स्वतःचं नाव आत, लाकडाच्या बाजूला करून पट्टी परत बसवली आणि मानचिन्ह धाकट्याच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बायकोही वाजवत होती.

खाली येऊन त्यांनी तिला विचारलं, "तू कशाला वाजवल्यास?"

"काम छान झालं होतं," ती म्हणाली आणि धाकट्या जावेबरोबर जेवणाच्या टेबलाकडे गेली.

ते दाराकडे निघाले तेव्हा मागून अध्यक्ष धावत आले. अजून हसतच होते. त्यांनी थोरल्यांच्या गळ्यात हात टाकला. "थोरले, बहार आणलीत! इतक्या वर्षांत लोकांना असा कार्यक्रम आवडला नव्हता. आता असं करायचं, दरवर्षी मानचिन्ह तुमच्याकडेच. आणि नाव स्टेजवरच कोरायचं, सगळ्यांसमोर. येणार ना?"

थोरल्यांनी कोटाचं बटण काढलं. दुकानात कित्येक दिवसांत कुणाचं काम नव्हतं.

"येईन," ते म्हणाले. "फक्त दिवा डाव्या हाताला ठेवा. आज सावली पडत होती."